अडुसष्ट बेचाळीस

नवतपा अजून दोन दिवसांवर,
पण पाचपावलीत भरदुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही.
कूलरच्या टाकीत वीतभर पाणी, खसाचा वास,
आणि टेबलावर माझी शंभर पानी वही.
पहिल्या पानावर लाल शाईत एकच ओळ:
आधी तोटा लिही, मग सौदा कर.

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी
मी डॉलर विकला. अडुसष्ट तीसला. दोन लॉट.
हातात कधी न धरलेली नोट
मी गोळीबार चौकाच्या मागल्या गल्लीतून विकते
आणि पाचच्या आत परत घेते.
बाबांना हे कधीच पटलं नाही.
"जे घरात नाई ते विकतेस कशी वं?"
तोट्याचा आकडा: अडुसष्ट बेचाळीस.
तिथे आला की सौदा आपोआप तुटेल.
तेव्हा डोकं थंड होतं. ऊन अजून अंगणातच होतं.

दोन चाळीसला एकोणचाळीस पैसे.
मग चाळीस.
मग चाळीसच्या वर जरासं, लाजल्यासारखं.
माऊसवर हात.
हात माझाच, पण त्याला स्वतःची कारणं सुचत होती:
बातमी जुनी आहे,
दोन पैसे वर सरकव फक्त,
आजच्या दिवस.

आजच्या दिवस.
तीन वर्षांपूर्वी हेच दोन शब्द
मी सलग अकरा दिवस म्हटले होते.
आकडा पुसला, पुढे ढकलला, पुन्हा पुसला,
पडत्या सौद्यात आणखी लॉट घातले
आणि त्याला सरासरी म्हटलं.
एक्केचाळीस हजार. बाबांच्या मोतीबिंदूचे.
तो सगळा हिवाळा बाबांनी
एका डोळ्यानं पेपर वाचला,
पान तिरपं धरून, खिडकीशी.
विचारलं काहीच नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांचा माग विकला तेव्हा मी नववीत होते.
भिंतीत दोन खुंट्या तेवढ्या राहिल्या,
आता त्यांवर माझी ओढणी असते.
पण धोट्याची खटखट थांबल्याबरोबर
मला अजून त्यांचा आवाज येतो, धाकट्या काकावर ओरडलेला:
"तुटला का थांबव. ओढू नोको.
एक धागा वाचवाले गेला न
तं काठ जाईन बाप्पा, सारा काठ."

मी उठले.
बादली घेतली, अंगणात गेले.
नळाचं पाणी चहा करता येईल इतकं तापलेलं.
शेजारच्या वत्सला हेडाऊ दारातून म्हणाल्या,
"काऊन वं शशी, एवढ्या उन्हात?"
"कूलरमध्ये पाणी टाकतो."
खोटं नव्हतं.
दोन बादल्या. मग तिसरी, गरज नसलेली.
टाकी वाहायला लागली तरी मी ओततच होते.

परत आले तेव्हा सौदा तुटलेला.
चोवीस पैसे म्हणा, दोनशे चाळीस रुपये म्हणा.
इथवर ठीक.
पण साडेचारला डॉलर घसरला.
वीस. बारा. पाच.
मी सकाळी म्हटलं होतं अगदी तसा,
तितकाच, त्याच वाटेनं,
जणू माझ्या जाण्याचीच वाट पाहत होता.
चुकण्याचं दुःख मला ठाऊक आहे.
बरोबर असूनही बाहेर असण्याचं
त्याहून खोल जातं,
आणि त्याला कुणी सांत्वनाला येत नाही.

वहीत लिहिलं. तारीख. भाव. उणे दोनशे चाळीस.
शेवटच्या रकान्यात: नियम पाळला, हो.
'मी बरोबर होते' असा रकाना
मी आखलेलाच नाही.
हात थोडा वेळ तिथल्या कोऱ्या जागेवर राहिला.

पाच वाजता बाबा उठले,
डोळ्यांवर पाणी मारून खुर्चीत बसले.
"काय झालं आज?"
"दोनशे चाळीस गेले."
"मंग? थांबली ना?"
"थांबले."
त्यांनी पेपर उघडला, सरळ धरला.
"चाय ठेव," म्हणाले,
छेचाळीस अंशांत.